चित्रामागचे शब्द : सिडनी ऑलिंपिकच्या संकेतस्थळाची कथा

फळ्यावर गणित सोडवणारे शिक्षक दोन प्रकारचे असतात. काही जण वर्गाकडे पाठ करून "हे इथून तिकडे नेले, याला याने भागले, म्हणून हे आले" असे म्हणत भराभर लिहीत जातात. दुसरे काही जण जे लिहितात तेच मोठ्याने बोलतात : "क्ष अधिक सात बरोबर बारा; सात उजवीकडे नेले, चिन्ह बदलले; क्ष बरोबर पाच." पहिल्या वर्गात शेवटच्या बाकावर बसलेला, चष्मा घरी विसरलेला मुलगा त्या तासापुरता वर्गाबाहेरच असतो. दुसऱ्या वर्गात तो सर्वांबरोबर असतो. यासाठी त्या शिक्षकांना ना अधिक खडू लागतो, ना अधिक वेळ. फक्त लिहितानाच बोलण्याची सवय लागते. तास संपल्यावर मात्र त्या मुलासाठी सगळे गणित पुन्हा समजावायचे म्हटले, तर दुसरा तास खर्ची पडतो.

सरकारी व सार्वजनिक संस्थांची संकेतस्थळे दिव्यांग नागरिकांना वापरता यावीत म्हणून काय करावे लागते, हा प्रश्न मुळात या फळ्याच्या प्रश्नाहून फारसा वेगळा नाही. त्याची पहिली मोठी जाहीर परीक्षा २००० साली ऑस्ट्रेलियात झाली. तिचा इतिहास येथे पाहू. परंतु त्याआधी अंध माणूस संगणक कसा वाचतो, हे समजून घ्यायला हवे.

उठावाच्या अक्षरांकडून ठिपक्यांकडे

व्हॅलेंटिन आउई यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये अंध मुलांसाठी शाळा काढली. त्यांनी मुलांसाठी पुस्तकेही तयार केली. जाड कागदावर नेहमीचीच रोमन अक्षरे उठावाने छापलेली असत व मुलांनी ती बोटांनी चाचपून वाचावीत, अशी कल्पना होती. कल्पना चांगली होती, पण अक्षरे डोळ्यांसाठी घडलेली होती. बोटाला त्यांची वळणे ओळखायला फार वेळ लागे, आणि मुलांना स्वतः काही लिहिता येत नसे.

याच शाळेत १८१९ साली लुई ब्रेल हा दहा वर्षांचा मुलगा दाखल झाला. त्याने अक्षराचा आकार सोडून दिला आणि बोटाच्या टोकाखाली एका वेळी मावतील एवढे सहा ठिपके घेतले. प्रत्येक ठिपका उठलेला किंवा न उठलेला, म्हणजे दोन शक्यता. सहा ठिपक्यांच्या मिळून दोनचा सहावा घात, म्हणजे ६४ शक्यता. त्यातली एक कोरी सोडली तर ६३ खुणा उरतात. १८२९ साली ही पद्धत छापून प्रसिद्ध झाली, पण शाळेने ती अधिकृतपणे स्वीकारली १८५४ साली. तोपर्यंत ब्रेल यांना जाऊन दोन वर्षे झाली होती. डोळस व्यवस्थापकांना आपल्याला न वाचता येणारी लिपी पटायला पंचवीस वर्षे लागली.

भारतीय भाषांसाठी १९५१ साली भारती ब्रेल ही समान पद्धती ठरली. मराठी, गुजराती, बंगाली या लिप्या डोळ्यांना वेगळ्या दिसतात, पण ब्रेलमध्ये 'क' सर्वांचा एकच : पहिला आणि तिसरा ठिपका. यावरून एक महत्त्वाची गोष्ट कळते. मजकूर आणि त्याचे रूप या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. मजकूर हाती असला की तो शाईने छापता येतो, ठिपक्यांनी उठवता येतो किंवा आवाजाने उच्चारता येतो.

पडदा कसा वाचला जातो?

संगणकाने नेमके हेच केले. त्याच्या स्मृतीत 'ए' हे अक्षर चित्र म्हणून नसते, ६५ या संख्येच्या रूपाने असते. आजच्या युनिकोड या पद्धतीत देवनागरी 'क'ची संख्या २३२५ आहे. या संख्येवरून पडद्यावर आकार काढायचा, कृत्रिम आवाजात उच्चार करायचा की ठिपके उठवायचे, हे नंतर ठरवता येते. १९८० च्या दशकातील संगणकांच्या पडद्यांवर फक्त अक्षरांच्या ओळी असत. त्या संख्या उचलून मोठ्याने वाचणाऱ्या आज्ञावली तेव्हाच तयार झाल्या. त्यांना स्क्रीन रीडर म्हणतात. काही जण ब्रेल पट्टी वापरतात. की-बोर्डापुढे ठेवलेल्या या पट्टीत एका ओळीत बारीक टाचण्या असतात. टाचणीखाली एक सिरॅमिकची पट्टी असते आणि तिला विद्युत दाब दिला की ती वाकून टाचणी वर उचलते. एक ओळ बोटांनी वाचून झाली की टाचण्या खाली जातात आणि पुढची ओळ उठते. घड्याळातील स्फटिक ज्या पीझो-विद्युत परिणामावर चालतो, तोच परिणाम येथे कामी येतो.

अंध व्यक्तींसाठी हे मोठेच दालन उघडले होते. वर्तमानपत्र कोणीतरी वाचून दाखवण्याची वाट न पाहता माणूस स्वतः वाचू लागला. मात्र पुढे पडद्यावर अक्षरांच्या जागी चित्रे, खिडक्या आणि माऊसचा बाण आला. डोळसांना संगणक सोपा झाला तो याच काळात, आणि अंधांना तो अवघड झाला तोही याच काळात. चित्र म्हणजे रंगीत बिंदूंचा समूह. त्या बिंदूंमधून उच्चारायचे काय?

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत वेबची कल्पना मांडली, तेव्हा ती मुख्यतः मजकुरासाठी होती. 'हे शीर्षक', 'ही यादी', 'हा दुवा' अशा खुणा मजकुरात घालायच्या, आणि ते दिसावे कसे हे वाचणाऱ्याच्या यंत्रावर सोपवायचे, असे तिचे तत्त्व होते. १९९३ पासून पानांत चित्रे दिसू लागली. चित्रामागे शब्द लिहून ठेवण्याची सोयही लवकरच आली. चित्र दिसले नाही, तर त्या जागी हे शब्द वाचले जातात. याला पर्यायी मजकूर म्हणतात. डिसेंबर १९९७ मध्ये ठरलेल्या एचटीएमएलच्या चौथ्या आवृत्तीत तो प्रत्येक चित्राला आवश्यकच करण्यात आला. वेबचे मानदंड ठरवणाऱ्या संघाने दिव्यांगांच्या सोयीचे पहिले नियम ५ मे १९९९ रोजी प्रसिद्ध केले. आता सिडनीकडे वळू.

एका प्रेक्षकाची तक्रार

सप्टेंबर २००० मध्ये सिडनीत ऑलिंपिक सामने व्हायचे होते. ते भरवणारी संयोजन समिती न्यू साउथ वेल्स राज्याच्या कायद्याने १९९३ साली स्थापन झालेली, म्हणजे सार्वजनिक संस्था होती. सामन्यांचे वेळापत्रक, खेळांची माहिती आणि निकाल देणारे तिचे संकेतस्थळ हे सामन्यांच्या माहितीचे मोठे दार होते.

ब्रूस मॅग्वायर हे सिडनीतील अंध गृहस्थ ब्रेल पट्टीच्या साहाय्याने संगणक सराईतपणे वापरीत. त्यांनी जून १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. तिकिटांची माहिती ब्रेलमध्ये मिळत नाही आणि संकेतस्थळ वाचता येत नाही, हे त्यांचे म्हणणे होते. तक्रारीचा आधार १९९२ चा अपंगत्वावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्धचा कायदा होता. या कायद्यानुसार सेवा देताना अपंगत्वामुळे भेदभाव करता येत नाही. मात्र सोय करून देण्यात संस्थेला 'असमर्थनीय हालअपेष्टा' सोसाव्या लागणार असतील, तर तिला सूट मिळू शकते. सारा वाद पुढे या दोन शब्दांभोवती फिरला.

संकेतस्थळातील अडचणी तीन होत्या. पहिली, अनेक चित्रांना आणि चित्ररूप दुव्यांना पर्यायी मजकूर नव्हता. दुसरी, वेळापत्रकाच्या पानावरून खेळांच्या सूचीकडे अंध माणसाला जाता येत नव्हते. तिसरी, निकालांचे तक्ते वाचण्याजोगे नव्हते.

तिसरी अडचण शिक्षकांना लगेच कळेल. वर्गाचा गुणतक्ता घ्या. डोळ्यांनी पाहताना आपण नकळत वर स्तंभाचे नाव आणि डावीकडे विद्यार्थ्याचे नाव पाहतो, म्हणून ४२ म्हणजे कोणाचे कशातले गुण ते कळते. आता तोच तक्ता फोनवर कोणाला तरी सलग वाचून दाखवा : "बेचाळीस, अडतीस, एकोणपन्नास, एकतीस." ऐकणाऱ्याच्या हाती फक्त आकडे राहतात. चौकटीतला मजकूर दोन ओळींत मोडलेला असेल आणि यंत्र पूर्ण पानभर आडवी ओळ वाचत असेल, तर शेजारच्या दोन खेळाडूंची नावेच एकमेकांत मिसळतात. कोणता चौकोन कोणत्या शीर्षकाखाली येतो, हे मजकुरात खुणेने सांगितले की ही अडचण सुटते.

खर्चाचे गणित

समितीने अनेक मुद्दे मांडले. खेळांच्या पानांचे नेमके पत्ते स्वतः टंकून तेथे थेट जाता येते, म्हणून सूचीकडे जाण्याचा मार्ग बंद असला तरी बिघडत नाही, असा एक मुद्दा होता. हे पत्ते ज्याला पानच उघडता येत नाही त्याने कोठून मिळवायचे? शाळेचे फाटक बंद ठेवून "खिडकीचा क्रमांक ठाऊक असेल तर तेथून या" असे सांगण्याचाच हा प्रकार होता.

दुसरा मुद्दा गंभीर होता. निकालांच्या तक्त्यांसाठी १२९५ साचे आहेत. ते बदलायला एका माणसाने रोज आठ तास काम केले तरी ३६८ दिवस लागतील. एकंदर खर्च सुमारे २२ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर होईल, असे समितीने सांगितले. सामने तर काही आठवड्यांवर आले होते.

तक्रारदाराच्या बाजूने दोन तज्ज्ञांनी साक्ष दिली : ऑस्ट्रेलियाचे टॉम वर्दिंग्टन आणि कॅनडातील टोरोंटो विद्यापीठाच्या युटा ट्रेव्हिरानस. त्यांच्या मते साच्यांची संख्या प्रत्यक्षात बरीच कमी होती. एक अनुभवी जाणकार आणि पाच ते दहा मदतनीस यांना हे काम चार आठवड्यांत करता आले असते, व खर्चही माफक आला असता.

दोन अंदाजांत एवढा फरक कसा? याचे एक कारण साचा या शब्दातच आहे. मोठ्या संकेतस्थळाची हजारो पाने कोणी हाताने लिहीत नाही. गणपतीच्या मूर्तींचा साचा एकदा दुरुस्त केला की पुढची प्रत्येक मूर्ती दुरुस्तच निघते. तसेच तक्त्याचा साचा एकदा नीट केला, की त्यातून निघणारे सर्व खेळांचे, सर्व दिवसांचे निकाल नीट येतात. उलट, मूर्ती रंगवून मांडवात बसवल्यावर प्रत्येकीचा कान दुरुस्त करत बसायचे म्हटले तर वर्ष पुरणार नाही. समितीने सांगितलेल्या खर्चाचा काही भाग खरा धरला, तरी तो अंधत्वाचा खर्च नव्हता. तो उशिराचा खर्च होता.

आयोगाचे चौकशी आयुक्त विल्यम कार्टर यांनी २४ ऑगस्ट २००० रोजी निर्णय दिला. समितीने बेकायदा भेदभाव केला आहे आणि तिचे 'हालअपेष्टां'चे म्हणणे सिद्ध झालेले नाही, असे त्यांनी ठरवले. तिन्ही अडचणी १५ सप्टेंबरपर्यंत, म्हणजे उद्घाटनाच्या दिवसापर्यंत दूर कराव्यात, असा आदेश निघाला. समितीने तो अंशतःच पाळला. सामने १ ऑक्टोबरला संपले. नोव्हेंबरमध्ये आयोगाने मॅग्वायर यांना २०,००० डॉलर भरपाई देण्यास सांगितले.

खटला ते जिंकले खरे. पण सामने चालू असताना, घराघरांत निकालांची चर्चा रंगली असताना, स्वतःच्या बोटांनी ते वाचण्याचा आनंद त्यांना हवा होता. तो भरपाईने मिळण्यासारखा नव्हता. एखाद्या विद्यार्थ्याला परीक्षा होऊन गेल्यावर प्रवेशपत्र द्यावे, तसे हे झाले.

सिडनीनंतर

या निर्णयाची दखल जगभर घेतली गेली. अमेरिकेत १९९८ साली सुधारलेल्या कायद्यातील केंद्र सरकारच्या संगणक व्यवस्थांसाठीचे मानदंड जून २००१ मध्ये लागू झाले. २००८ साली वेबच्या नियमांची दुसरी आवृत्ती आली. तिने चार तत्त्वे सांगितली : माहिती कोणत्यातरी इंद्रियाने ग्रहण करता यावी, पान हाताळता यावे, ते समजावे, आणि निरनिराळ्या यंत्रांवर ते टिकून राहावे. ही तत्त्वे अंधांपुरती नाहीत. कर्णबधिर व्यक्तीला चित्रफितीखाली मजकूर लागतो. हात थरथरणाऱ्या माणसाला माऊस धरता येत नाही, त्याला सारे काही की-बोर्डाने करता यायला हवे. 'लाल रंगातील विद्यार्थी अनुत्तीर्ण' एवढीच खूण असेल, तर लाल-हिरव्यातील भेद न कळणाऱ्याला निकालच कळत नाही.

भारताने संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारास २००७ मध्ये मान्यता दिली. सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये आली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने इलेक्ट्रॉनिक माहितीच्या सुगम्यतेची जबाबदारी शासनावर टाकली. तरीही नियमांची भाषा सल्ल्याची आहे की सक्तीची, हा गोंधळ राहिला. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात असे ठरवले की, सुगम्यतेचे नियम नुसते शिफारसवजा असणे मूळ कायद्याशी विसंगत आहे. सक्तीचे किमान मानदंड हवेत. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात तर याच न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला. बँकेसाठी किंवा सिमकार्डासाठी ओळख पटवताना कॅमेऱ्यापुढे डोळ्यांची उघडझाप करून दाखवण्याची अट असे. ॲसिड हल्ल्यात डोळे गमावलेल्या महिलांनी आणि अंध नागरिकांनी ती अट कशी पुरी करावी, हा त्या खटल्यातला एक प्रश्न होता. अट घालणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हते. असा माणूस आपल्या दाराशी येईल, हे त्यांच्या ध्यानातच आले नव्हते, इतकेच.

मराठीची गोष्ट

मराठी पानांची एक अडचण सिडनीत नव्हती. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर खास फाँटमध्ये टंकला जाई. त्यात पडद्यावर 'क' दिसे, पण आत साठवलेली संख्या एखाद्या इंग्रजी अक्षराची वा चिन्हाची असे. डोळ्यांना ते शुद्ध मराठी दिसे, आणि स्क्रीन रीडर त्याच ओळी अर्थहीन इंग्रजी अक्षरे म्हणून वाचे. आउई यांच्या उठावाच्या अक्षरांसारखेच हे झाले : आकार होता, पण मजकूर हरवलेला होता. युनिकोडमुळे हा दोष दूर झाला. एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर आता मराठीही वाचतो. २००६ साली त्याची सुरुवात करणारे मायकेल करन हे स्वतः अंध आहेत व ऑस्ट्रेलियातीलच आहेत.

परंतु कागदावर छापलेले परिपत्रक यंत्राने छायाचित्रासारखे टिपायचे आणि त्याची पीडीएफ संकेतस्थळावर चढवायची, ही पद्धत अजून सर्रास दिसते. अशा पीडीएफमध्ये अक्षर एकही नसते, असतो तो अक्षरांचा फोटो. मूळ मजकूर संगणकावरच टंकलेला असताना आपण तो छापतो, सही करतो, पुन्हा टिपतो आणि एवढ्या खटाटोपाने वाचता येणारी वस्तू न वाचता येणारी करतो.

हे दुसऱ्यांविषयी लिहिताना आमचा अनुभवही सांगायला हवा. आमच्या विभागाचे पान आम्ही डोळे मिटून स्क्रीन रीडरवर ऐकले, तेव्हा पहिल्या मिनिटभरात कानावर आले ते "चित्र, चित्र, येथे टिचकी मारा, येथे टिचकी मारा" एवढेच. प्रयोगांचे आलेख आम्ही अभिमानाने लावले होते, आणि प्रत्येकाच्या मागे फक्त एक फाईल क्रमांक होता. एका आलेखाला "तापमान वाढते तसा रोध कमी होतो; ६० अंशांनंतर घट मंदावते" असे शब्द लिहायला एक मिनिटही लागले नाही. मात्र वर्षानुवर्षे साठलेली सगळी पाने नीट करण्याचे काम अजून संपलेले नाही. उशिराचा खर्च म्हणजे काय, हे आम्हाला तेव्हा पुरते कळले.

वर्गात करून पाहावे असे

शाळेच्या किंवा एखाद्या सार्वजनिक संस्थेच्या संकेतस्थळावर विद्यार्थ्यांकडून तीन सोपे प्रयोग करून घेता येतील. पहिला : माऊस बाजूला ठेवून केवळ टॅब, बाणांच्या कळा आणि एंटर वापरून परीक्षेचे वेळापत्रक सापडते का पाहावे. दुसरा : पडद्याकडे पाठ करून बसलेल्या मित्राला पानावरचे चित्र एका वाक्यात सांगावे. ते वाक्य चित्राचे काम करते का, हे मित्रानेच ठरवावे. तिसरा : पीडीएफमधील एक ओळ निवडून दुसरीकडे उतरवून पाहावी. उतरली तर तो मजकूर आहे, नाही तर फोटो आहे. जे आढळेल ते विद्यार्थ्यांनी नीट लिहून त्या संस्थेला कळवावे. पत्रात दोषाबरोबर उपायही लिहावा, कारण बहुतेक वेळा तो एका ओळीचा असतो.

आणि या प्रयोगांच्या आधी, उद्याच्या पहिल्या तासाला, फळ्यावर जे लिहू ते मोठ्याने बोलत लिहावे. "हे इथून तिकडे" असे न म्हणता "सात उजवीकडे" असे म्हणावे. वर्गात चष्मा विसरलेला कोणी आहे का, हे आधी विचारण्याची गरज नाही.